पडद्यावरची पहिली आणि पडद्यामागच्या अटी

अमेरिकन दूरचित्रवाणीच्या इतिहासात एथेल वॉटर्स यांच्या नावावर तीन 'पहिल्या' नोंदी आहेत. १४ जून १९३९ रोजी न्यूयॉर्कमध्ये एनबीसीच्या प्रायोगिक केंद्रावरून त्यांच्या नावाचा एक तासाचा कार्यक्रम प्रक्षेपित झाला आणि स्वतःच्या नावाने दूरचित्रवाणीवर कार्यक्रम करणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलाकार ठरल्या. ऑक्टोबर १९५०मध्ये एबीसी वाहिनीवर 'ब्यूला' ही साप्ताहिक विनोदी मालिका सुरू झाली; देशभर दिसणाऱ्या मालिकेच्या केंद्रस्थानी कृष्णवर्णीय अभिनेत्री असण्याची ती पहिलीच वेळ होती आणि ती अभिनेत्री पुन्हा वॉटर्सच होत्या. १९६२मध्ये दूरचित्रवाणीसाठीच्या एमी पुरस्काराच्या प्रमुख भूमिकेच्या विभागात नामांकन मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय अभिनेत्रीही त्याच. दरवर्षी फेब्रुवारीत, अमेरिकेत कृष्णवर्णीय इतिहासाचा महिना साजरा होतो तेव्हा, अशा नोंदींच्या याद्या पुन्हा पुन्हा छापल्या जातात. त्या खऱ्या आहेत, आणि तरीही त्या वाचून जो समज होतो तो अपुरा आहे, असे मला वाटते. एखादी स्त्री कुठे प्रथम पोहोचली हे सांगताना ती कोणत्या अटींवर पोहोचली, हे त्याच ओळीत लिहायला हवे. कथा कोणी लिहिली, पैसा कोणाचा होता, कलाकाराला काय नाकारता येत होते आणि नाकारल्यास तिचे काय होणार होते, हे वगळून केलेला गौरव ज्यांनी अटी लादल्या त्यांच्याच सोयीचा ठरतो.

वॉटर्स यांच्या पहिल्या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या तरी हे दिसते. १९३९च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात दूरचित्रवाणीची लोकांना ओळख करून देण्यात आली होती. शहरात दूरचित्रवाणी संच अगदी थोडे होते आणि प्रायोगिक केंद्रांना जाहिराती विकण्याची परवानगी नव्हती. व्यावसायिक प्रक्षेपण सुरू व्हायला १९४१ साल उजाडावे लागले. अशा वेळी वॉटर्स कॅमेऱ्यासमोर आल्या त्या ब्रॉडवे या न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरची एक मोठी अभिनेत्री आणि गायिका म्हणून. त्याच वर्षी जानेवारीत रंगमंचावर आलेल्या ज्या गंभीर नाटकात त्या प्रमुख भूमिका करत होत्या, त्यातला एक प्रसंग त्यांनी अभिनेत्री फ्रेडी वॉशिंग्टन यांच्यासह सादर केला. अकरा वर्षांनी त्याच माध्यमात त्या परतल्या तेव्हा माध्यमाला बाजार मिळालेला होता, प्रायोजक मिळालेले होते, आणि वॉटर्स यांच्या वाट्याला आला तो एका गोऱ्या कुटुंबाच्या स्वयंपाकघरातला अ‍ॅप्रन. अभिनेत्री तीच होती, तिचा अधिकार उलट वाढलेला होता; मधल्या काळात तिला ऑस्करचे नामांकनही मिळाले होते. बदलले होते ते फक्त पैशाचे गणित, आणि त्या गणितात तिचे पहिले रूप बसत नव्हते.

ब्यूला ही व्यक्तिरेखा मुळात आली कुठून, हे पाहण्यासारखे आहे. तिला कोणा कृष्णवर्णीय लेखिकेने किंवा अभिनेत्रीने घडवलेले नव्हते. मार्लिन हर्ट नावाच्या गोऱ्या पुरुष कलाकाराने रेडिओवर आवाज बदलून ही मोलकरीण उभी केली आणि १९४४मध्ये एका लोकप्रिय विनोदी कार्यक्रमातून ती सर्वदूर पोहोचली. स्टुडिओतल्या प्रेक्षकांकडे पाठ करून तो उभा राही, ब्यूलाच्या आवाजात पहिले वाक्य उच्चारी आणि गर्रकन वळे. हा तर गोरा पुरुष आहे, हे पाहून प्रेक्षकांत हशा उसळे. १९४५मध्ये त्याला या व्यक्तिरेखेचा स्वतंत्र कार्यक्रम मिळाला, १९४६मध्ये त्याचे निधन झाले, आणि त्यानंतरही ही भूमिका आधी दुसऱ्या एका गोऱ्या पुरुषाकडे गेली. १९४७मध्ये हॅटी मॅक्डॅनियल यांनी रेडिओवर ब्यूला साकारायला सुरुवात केली, तेव्हा कुठे कृष्णवर्णीय स्त्रीचे पात्र कृष्णवर्णीय स्त्रीच्या ओठी आले. मॅक्डॅनियल यांनी कृष्णवर्णीयांच्या बोलीची नक्कल करून हशा मिळवण्यास नकार दिला आणि ती अट मान्य करून घेतली. ही लहान वाटणारी गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण ज्या साच्यात त्यांना शिरायचे होते तो दुसऱ्याच्या मापाने ओतलेला होता आणि तरीही त्याचा एक कोपरा त्यांनी बदलून दाखवला. पण साचा तोच राहिला, आणि दूरचित्रवाणीवर वॉटर्स यांच्या हाती आला तोही हाच.

मालिकेतली ब्यूला हेंडरसन दांपत्य आणि त्यांचा लहान मुलगा डॉनी यांच्या घरी काम करते. दर आठवड्याला त्या घरात एखादी किरकोळ अडचण उभी राहते आणि ब्यूला आपल्या व्यवहारज्ञानाने ती सोडवते. तिला एक प्रियकर आहे आणि एक मैत्रीण आहे. दोघेही मुख्यतः हसवण्यासाठी आहेत. तिचे स्वतःचे घर, तिची स्वतःची माणसे, तिचे संध्याकाळनंतरचे आयुष्य यांना कथेत फारसे स्थान नाही.

आता 'ब्यूला' सुरू झाली त्याच वर्षी, ती जिथे चित्रित होत होती त्या न्यूयॉर्कमध्ये काय चालले होते ते पाहू. जानेवारी १९५०मध्ये ब्रॉडवेच्या एम्पायर थिएटरमध्ये कार्सन मॅक्कलर्स यांच्या कादंबरीवर त्यांनी स्वतःच लिहिलेले नाटक सुरू झाले होते, आणि त्यात वॉटर्स यांनी बेरेनिस नावाची भूमिका केली होती. बेरेनिसही स्वयंपाकीण आहे. तीही दक्षिणेतल्या एका गोऱ्या कुटुंबाच्या स्वयंपाकघरात उभी आहे आणि तीही गोऱ्या मुलांना सांभाळते आहे. पण बेरेनिसला भूतकाळ आहे. ज्या एकाच नवऱ्यावर तिचे खरे प्रेम होते तो वारला, आणि त्याच्यासारखे काही सापडेल या आशेने तिने पुढे जी लग्ने केली त्यांचा हिशेब ती स्वतः मांडते. तिच्या धाकट्या मानलेल्या भावावर गोऱ्यांच्या शहराचा राग कोसळतो तेव्हा त्याचे ओझे तिच्या अंगावर येते. ही भूमिका वॉटर्स यांनी सहजासहजी घेतली नव्हती. देवावर श्रद्धा नसलेली बेरेनिस त्यांना मान्य नव्हती, आणि आपल्या समजुतीप्रमाणे ती साकारण्याची मोकळीक मिळाल्यावरच त्या तयार झाल्या. लहानपणापासून त्यांच्या ओठांवर असलेले एक प्रार्थनागीत त्यांच्या आग्रहावरून नाटकात आले आणि ते नाटकाचा प्राण ठरले. नाटकाचे ५०१ प्रयोग झाले.

म्हणजे १९५०च्या शरद ऋतूत ही एकच अभिनेत्री एकाच शहरात दोन स्वयंपाकिणी साकारत होती. दिवसा चित्रीकरणाच्या वेळी ब्यूला आणि रात्री रंगमंचावर बेरेनिस. या योगायोगाकडे अभ्यासकांनी आणि गौरवग्रंथांनी जितके लक्ष द्यायला हवे तितके दिलेले मला दिसत नाही. वाद नेहमी असा मांडला जातो, की कृष्णवर्णीय अभिनेत्रीने मोलकरणीची भूमिका करावी की करू नये. वॉटर्स यांच्या या एका वर्षाने तो प्रश्नच चुकीचा ठरवला आहे. अ‍ॅप्रन दोघींच्याही अंगावर होता. बेरेनिसची लेखिका गोरी होती, तेव्हा लेखकाचा वर्ण एवढाच निकषही पुरेसा नाही. फरक होता तो एवढाच, की एका संहितेत त्या स्त्रीला स्वतःचे मन आणि स्वतःचा शोक होता आणि ती साकारणाऱ्या कलावतीला संहितेत हात घालण्याचा अधिकार होता. दुसरीत या दोन्ही गोष्टी नव्हत्या. आणि पहिली स्वयंपाकीण रोज एका नाट्यगृहात मावतील इतक्याच लोकांना दिसत होती, तर दुसरी देशभरच्या घरांत जात होती. १९५०मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ९ टक्के घरांत दूरचित्रवाणी होती. १९६०पर्यंत हे प्रमाण ८७ टक्क्यांवर गेले. एका संपूर्ण देशाला कृष्णवर्णीय स्त्रीची जी ओळख घरबसल्या होऊ लागली, तिची सुरुवात ब्यूलापासून झाली.

ज्यांनी याला विरोध केला त्यांचा विरोध रास्त होता, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९पासून लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने १९५१च्या अधिवेशनात अशा कार्यक्रमांचा निषेध केला. गोऱ्यांच्या मुलांवर स्वतःच्या मुलांपेक्षा अधिक माया करणारी, सदा हसतमुख, स्थूल, कसलीही मागणी नसलेली कृष्णवर्णीय दाई ही प्रतिमा गुलामगिरीच्या समर्थकांनी जोपासलेली होती. पुढे तीच पॅनकेकच्या पिठाच्या पाकिटावर छापून खपवण्यात आली. या प्रतिमेचे काम एकच असते. चाकरी ही चाकरी नसून प्रेम आहे, असे ती मालकाला पटवून देते, आणि प्रेमाचा मोबदला मागायचा नसतो. हे केवळ पडद्यापुरते नव्हते. १९४०च्या सुमारास नोकरी करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी जवळपास ६० टक्के स्त्रिया घरकाम करत होत्या, आणि १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने घरकामगारांना निवृत्तिवेतनातून वगळले होते. नियमित काम करणाऱ्या घरकामगारांचा त्यात समावेश करणारी दुरुस्ती झाली ती १९५०मध्ये, ज्या वर्षी ब्यूला पडद्यावर आली त्याच वर्षी. किमान वेतनाचे संरक्षण मिळायला तर १९७४ साल उजाडले. ज्या देशात लाखो ब्यूला म्हातारपणाच्या तरतुदीशिवाय राबत होत्या, त्या देशात हसरी, समाधानी ब्यूला दर आठवड्याला दाखवणे ही निरुपद्रवी करमणूक नव्हती.

माझा आक्षेप विरोधाला नाही, तो विरोधाचा रोख अनेकदा जिकडे वळला त्या दिशेला आहे. साचा ओतणारे लेखक, निर्माते, जाहिरात संस्था आणि साबण विकणारे प्रायोजक यांचे चेहरे कोणाला ठाऊक नव्हते. चेहरा ठाऊक होता तो अभिनेत्रीचा, आणि म्हणून दोषही तिच्या पदरात टाकणे सोपे होते. हॅटी मॅक्डॅनियल यांना हे आयुष्यभर सोसावे लागले. मोलकरणीची भूमिका करून आठवड्याला ७०० डॉलर मिळतात, ती केली नाही तर खरोखरीची मोलकरीण होऊन ७ डॉलर मिळतील, असे उद्गार त्यांच्या नावावर सांगितले जातात. काहींना त्यात लाचारी दिसते. मला त्यात श्रमाच्या बाजाराचे अचूक वर्णन दिसते, आणि वॉटर्स यांच्या बाबतीत तर ते शब्दशः खरे होते, कारण किशोरवयात फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात खोल्या साफ करून त्या आठवड्याला पावणेपाच डॉलर मिळवत होत्या.

या स्त्रियांना स्वाभिमान नव्हता असे समजणाऱ्यांनी लॉस एंजेलिसमधल्या शुगर हिलचा खटला वाचावा. पश्चिम अ‍ॅडम्स भागातली ही उंचावरची श्रीमंत वस्ती. तिथल्या घरांच्या खरेदीखतांत अशी कलमे होती, की ती मालमत्ता कृष्णवर्णीयाला विकता येणार नाही आणि त्याला तिथे राहता येणार नाही. तरीही १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून यशस्वी कृष्णवर्णीय कुटुंबे तिथे घरे घेऊ लागली. गोऱ्या शेजाऱ्यांनी या कलमांच्या आधारे त्यांना बाहेर काढण्यासाठी न्यायालयात धाव घेतली. ज्यांच्याविरुद्ध हा दावा होता त्यांत हॅटी मॅक्डॅनियल होत्या, लुईस बीव्हर्स होत्या आणि एथेल वॉटर्सही होत्या. म्हणजे पुढे दूरचित्रवाणीवर ब्यूला साकारणाऱ्या तिन्ही अभिनेत्री. मॅक्डॅनियल यांनी आपल्या घरी सभा घेऊन रहिवाशांना संघटित केले, लोरेन मिलर या कृष्णवर्णीय वकिलांनी बाजू मांडली, आणि डिसेंबर १९४५मध्ये न्यायाधीश थर्मंड क्लार्क यांनी सर्वांना कायद्याच्या समान संरक्षणाची हमी देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीचा आधार घेऊन शेजाऱ्यांचा दावा फेटाळला. अशी कलमे न्यायालयांनी अमलात आणू नयेत हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला तो त्यानंतर, १९४८मध्ये. पडद्यावर गोऱ्यांच्या घरात मागच्या दाराने शिरणाऱ्या या अभिनेत्रींनी प्रत्यक्षात गोऱ्यांच्या वस्तीत पुढच्या दाराने राहण्याचा हक्क भांडून मिळवला, आणि तो विकत घेण्याइतका पैसा त्यांना मागच्या दाराच्या भूमिकांनीच दिला होता. ही विसंगती त्यांच्या चारित्र्यातली नव्हे. ती ज्या व्यवस्थेत त्या जगल्या तिच्यातली आहे. पुढे १९६०च्या दशकात सांता मोनिका महामार्ग याच वस्तीच्या मधून काढण्यात आला आणि तिचा मोठा भाग नाहीसा झाला, हेही येथे नोंदवून ठेवतो.

मग त्यांनी नकार का दिला नाही, असा प्रश्न उरतो. नकार दिल्यावर काय होत होते, याचे उत्तरही १९५०नेच दिले आहे, आणि ते उत्तर म्हणजे हेझल स्कॉट. त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनमध्ये जन्मलेल्या आणि न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत वाढलेल्या स्कॉट असामान्य पियानोवादक होत्या. हॉलिवूडशी करार करतानाच त्यांनी मोलकरणीच्या भूमिका नाकारल्या होत्या आणि पडद्यावर स्वतःच्या नावाने, स्वतःच्या कपड्यांत दिसण्याचा आग्रह धरला होता. १९४३च्या एका चित्रपटात युद्धावर निघालेल्या सैनिकांना निरोप देणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणींना मळके अ‍ॅप्रन घालायला दिले गेले, तेव्हा आपल्या माणसाला निरोप द्यायला कोणतीही स्त्री अशा कपड्यांत जात नाही असे सांगून त्यांनी तीन दिवस काम बंद ठेवले. अ‍ॅप्रन गेले, आणि थोड्याच काळात त्यांची चित्रपटांची दारेही बंद झाली. ३ जुलै १९५० रोजी ड्युमाँट वाहिनीवर त्यांचा स्वतःच्या नावाचा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात त्या कोणाच्या घरी कामाला नव्हत्या; उत्तम पोशाखात पियानोसमोर बसून त्या वाजवत आणि गात. पण त्याच्या अवघे काही दिवस आधी, कम्युनिस्टांशी संबंध असल्याचा संशय घेऊन १५१ कलावंतांची आणि पत्रकारांची नावे छापणारी एक पुस्तिका प्रसिद्ध झाली होती आणि स्कॉट यांचे नाव तिच्यात होते. २२ सप्टेंबरला त्या स्वतः होऊन संसदेच्या चौकशी समितीपुढे गेल्या आणि त्यांनी आरोप फेटाळून लावले. आठवडाभरातच कार्यक्रम बंद झाला. त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, 'ब्यूला'चा पहिला भाग प्रक्षेपित झाला.

या दोन तारखांना कार्यकारणाने जोडता येत नाही. वाहिन्या वेगळ्या होत्या आणि निर्णय घेणारेही वेगळे होते. पण बाजार काय ठेवून घेतो आणि काय टाकून देतो, हे त्यांतून स्वच्छ दिसते. ज्या स्त्रीने अटी घातल्या तिचा कार्यक्रम तीन महिनेही टिकला नाही, आणि जिला दुसऱ्यांच्या अटी पत्कराव्या लागल्या तिची मालिका तीन हंगाम चालली. वॉटर्स यांनीही अखेर नकार दिलाच. पहिल्या हंगामानंतर, मालिकेतले कृष्णवर्णीयांचे चित्रण मानहानीकारक असल्याची तक्रार करून त्या बाहेर पडल्या असे सांगितले जाते. मालिका थांबली नाही. मॅक्डॅनियल आल्या, मोजके भाग करून कर्करोगाने आजारी पडल्या आणि ऑक्टोबर १९५२मध्ये गेल्या. मग बीव्हर्स आल्या. अभिनेत्री बदलत राहिली, साचा जागच्या जागी राहिला. 'पहिली' म्हणून जिचा गौरव करायचा ती निर्मात्यांच्या दृष्टीने इतकी सहज बदलण्याजोगी होती, ही गोष्ट गौरवाच्या यादीत येत नाही.

हा पैशाचा प्रश्न केवळ स्त्रियांपुरता किंवा मोलकरणींपुरता नव्हता. १९५६मध्ये नॅट किंग कोल यांचा संगीताचा कार्यक्रम एनबीसीवर सुरू झाला. त्यांच्या लोकप्रियतेबद्दल शंका नव्हती, मोठमोठे कलावंत नाममात्र मोबदल्यात त्यांच्याबरोबर गायला तयार होते, तरीही दक्षिणेतले ग्राहक दुरावतील या भीतीने कोणीही राष्ट्रीय प्रायोजक पुढे आला नाही, आणि १९५७ संपण्यापूर्वी कार्यक्रम बंद पडला.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये, याला कारण आहे. जोतीराव फुले यांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या निग्रो गुलामांना दास्यमुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना, आणि १९७२मध्ये मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षाच्या नावावरून. दलितांचे चित्रण कोणी, कोणत्या नजरेने आणि कोणाच्या सोयीने करायचे, यावर मराठीत अर्ध्या शतकाहून अधिक काळ गंभीर वाद झालेला आहे, आणि आपले जगणे आपणच लिहायचे हा आग्रह त्या वादातूनच बळकट झाला. म्हणूनच वॉटर्स यांच्या 'पहिल्या' असण्याची यादी वाचून समाधान मानणे आपल्याला तरी शोभणारे नाही.

याविरुद्ध एक गंभीर युक्तिवाद आहे आणि तो टाळता येणार नाही. अटी काहीही असोत, पडद्यावर आपल्यासारखा चेहरा दिसणे यालाच मोल आहे, असे म्हटले जाते, आणि त्यासाठी निशेल निकोल्स यांचे उदाहरण दिले जाते. १९६६मध्ये सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक'मध्ये त्या अंतराळयानावरील संपर्क अधिकारी होत्या. वाट्याला येणारी थोडी वाक्ये आणि रंगभूमीची ओढ यांमुळे पहिल्या हंगामानंतर त्या मालिका सोडणार होत्या; तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना राहण्याचा आग्रह केला. पुढे नासासाठी स्त्रियांना आणि अल्पसंख्याकांना अंतराळवीर म्हणून पुढे आणण्याच्या मोहिमेत त्यांनी काम केले, आणि १९९२मध्ये अंतराळात गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री मे जेमिसन यांनी त्या भूमिकेने आपल्याला प्रेरणा दिल्याचे सांगितले आहे. चेहऱ्याचे मोल मी नाकारत नाही. पण किंग यांनी आग्रह कशासाठी केला होता, हे विसरून चालणार नाही. ही भूमिका चाकराची नाही, येथे कृष्णवर्णीय स्त्री इतरांच्या बरोबरीने, स्वतःच्या बुद्धीवर आणि पदावर उभी आहे, म्हणून ती सोडू नये, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा युक्तिवाद चेहऱ्याचा नव्हताच, तो भूमिकेच्या लेखनाचा होता. ब्यूला सोडणाऱ्या अभिनेत्रीला त्यांनी थांबवले असते, असे मला वाटत नाही.

मधल्या काळात अटी बदलल्या त्या आपोआप नव्हेत, तर चळवळीने आणि कलावंतांनी रेटा दिला म्हणून. १९६३मध्ये सिसिली टायसन 'ईस्ट साइड/वेस्ट साइड' या मालिकेत समाजसेवा संस्थेच्या कार्यालयातल्या कर्मचारी म्हणून आल्या, आणि केस सरळ न करता नैसर्गिक ठेवून आल्या. ती मालिका एकाच हंगामात बंद झाली. सप्टेंबर १९६८मध्ये, किंग यांच्या हत्येनंतर पाचच महिन्यांनी, 'ज्युलिया' सुरू झाली. डायहान कॅरोल यांनी साकारलेली ज्युलिया परिचारिका होती, व्हिएतनाममध्ये मारल्या गेलेल्या वैमानिकाची विधवा होती, स्वतःच्या घरात स्वतःच्या मुलाला वाढवत होती. ब्यूलापासून हे अंतर फार मोठे होते. तरीही निर्माते हॅल कँटर गोरे होते, आणि देशातली शहरे पेटलेली असताना ज्युलियाचे सुखवस्तू जग त्या आगीपासून दूर होते, अशी टीका झाली. या टीकेला कॅरोल यांनी दिलेले उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मालिका चालू असतानाच, एका राष्ट्रीय नियतकालिकात, त्यांनी स्वतःच सांगितले की आपण दाखवत आहोत तो गोऱ्यांसारखा कृष्णवर्णीय आहे. वॉटर्स यांना १९५०मध्ये असे बोलून कामावर राहता आले नसते. अटी बदलल्या म्हणजे काय, तर नायिकेला स्वतःच्या मालिकेबद्दल सत्य सांगूनही दुसऱ्या दिवशी चित्रीकरणाला येता येऊ लागले. हे थोडे आहे, पण ते मोजता येण्याजोगे आहे, आणि इतिहासाने मोजावे ते हेच.

त्यासाठी पुरावे हवेत, आणि तेही अटींप्रमाणेच असमान वाटले गेले आहेत. 'ब्यूला'चे मोजके भाग आज पाहायला मिळतात. ड्युमाँट वाहिनी १९५६मध्ये बंद झाली, तिच्या चित्रमुद्रणांचा फार मोठा भाग नष्ट झाला, आणि हेझल स्कॉट यांच्या कार्यक्रमाचा एकही भाग उपलब्ध नाही. जे टिकले त्यावरूनच पुढच्या पिढ्या मत बनवतात. म्हणून संग्रहालयांनी, विश्वकोशांनी आणि वाहिन्यांच्या वर्धापनदिनांच्या पुस्तिकांनी 'ब्यूला'ची नोंद करताना शेजारीच स्कॉट यांची, मार्लिन हर्ट यांची, प्रायोजकांची आणि शुगर हिलचीही नोंद करणे हे औदार्य नसून कर्तव्य आहे.

वॉटर्स यांच्या तिसऱ्या 'पहिल्या' नोंदीलाही हाच न्याय लावावा लागेल. १९५०च्या दशकात त्यांच्यामागे करांची थकबाकी लागली होती, आणि ती फेडण्यासाठी १९५७मध्ये त्या दूरचित्रवाणीवरच्या एका प्रश्नमंजुषेत स्पर्धक म्हणून उतरल्या. १९६१मध्ये 'रूट ६६' या मालिकेच्या एका भागात त्यांनी मृत्यूच्या दारात असलेल्या ब्लूज गायिकेची भूमिका केली. आपल्या जुन्या वाद्यवृंदातल्या साथीदारांना शेवटचे भेटावे ही तिची इच्छा असते. मालिकेचे नायक दोन गोरे तरुण होते आणि वॉटर्स एका भागाच्या पाहुण्या होत्या, पण त्या एका भागात त्यांच्या पात्राला स्वतःचे आयुष्य होते, आणि नामांकन मिळाले ते त्यालाच. मालिकेतील प्रमुख नाट्यभूमिकेसाठी एमी जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय अभिनेत्री व्हायोला डेव्हिस यांच्या रूपाने मिळायला त्यानंतर २०१५ साल उजाडले. ज्या भूमिका लिहिल्याच जात नाहीत त्यांसाठी पुरस्कार जिंकता येत नाही, असे त्या मंचावरून म्हणाल्या, आणि त्यांनी आभार मानताना लेखकांचाही आवर्जून उल्लेख केला.